'घरच्यासारखी काळजी' म्हणजे नेमकं काय, आणि ती तपासायची कशी?

प्रश्न: एका कुटुंबाने चालवलेल्या निवासी शुश्रूषागृहाच्या माहितीपत्रकात 'आम्ही प्रत्येकाला घरातलंच माणूस मानतो' असं वाक्य आहे. वडिलांना पक्षाघात होऊन गेलाय, विस्मरणही सुरू झालंय. त्यांना तिथे कायमचं ठेवायचा विचार चालू आहे. अशा वाक्याला प्रत्यक्षात काही अर्थ असतो का? असेल तर तो तपासायचा कसा?

उत्तर:

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत नर्सिंग होम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे छोटं रुग्णालय येतं. माणूस तिथे चार दिवस राहतो आणि बरा होऊन घरी जातो. तुम्ही विचारताय ती जागा वेगळी. तिथे माणूस राहायलाच जातो आणि राहता राहता त्याची शुश्रूषा होते. रुग्णालयात चार दिवस दुसऱ्याच्या घड्याळावर काढता येतात. पहाटे पाचला उठवून ताप बघितला तरी माणूस सोसतो, कारण घरी जायचा दिवस समोर असतो. निवासी शुश्रूषागृहात तो दिवस नसतो. म्हणून तिथे घड्याळ कोणाचं चालतं, इथून तपासाला सुरुवात करायची. त्या घराचं तत्त्वज्ञान माहितीपत्रकापेक्षा त्याच्या वेळापत्रकात जास्त स्पष्ट वाचता येतं.

'घरच्यासारखं' या शब्दात दोन गोष्टी असतात. एक माया आणि दुसरा अधिकार. घरात माणसाला आपण किती वाजता उठायचं, कोणता सदरा घालायचा, दार लावायचं की उघडं ठेवायचं, याचा अधिकार असतो. बहुतेक संस्थांना माया जमते. अधिकार देणं जड जातं, कारण त्याला वेळ लागतो. आणि अधिकाराशिवायची माया फार लवकर लाडीगोडीत उतरते: ऐंशी वर्षांच्या माणसाला 'आता शहाण्यासारखं खायचं हं' असं म्हटलं जातं, आणि म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

हे नीट मांडलं ते ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी, १९८० आणि ९० च्या दशकांत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं माणूसपण आसपासच्या वागण्यानेच कसं झिजतं, याचे त्यांनी सतरा प्रकार नोंदवले. माणूस समोर असताना त्याच्याविषयी त्याच्या डोक्यावरून बोलणं, त्याला झेपणार नाही अशा वेगाने काम उरकणं, लहान मुलासारखं वागवणं, तो बोलत असताना दुर्लक्ष करणं, वगैरे. त्यांचा महत्त्वाचा मुद्दा असा की हे करणारी माणसं दुष्ट नसतात. बहुतेक वेळा चांगलीच असतात आणि घाईत असतात. त्याआधी १९७६ मध्ये अमेरिकेत एलन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका शुश्रूषागृहाच्या दोन मजल्यांवर एक छोटा प्रयोग केला होता. दोन्हीकडे रोपं दिली. एका मजल्यावर सांगितलं, रोप तुमचं, पाणी तुम्ही घाला, खोलीची मांडणी तुम्ही ठरवा. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, सगळं आम्ही बघू. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हुशारीत आणि जास्त हिंडती-फिरती आढळली. प्रयोग लहान होता, त्याच्यावर टीकाही झाली; तरी 'सगळं आम्ही बघू' हे वाक्य काळजीचं लक्षण मानायचं की धोक्याचं, हा प्रश्न तेव्हापासून कायमचा उभा राहिला.

आता सकाळकडे वळू.

समजा वीस रहिवासी आहेत, प्रत्येकाला उठवून, संडासला नेऊन, तोंड धुऊन, कपडे घालून खुर्चीत बसवायला अर्धा तास लागतो, आणि मदतीला दोन माणसं आहेत. वीस गुणिले तीस म्हणजे सहाशे मिनिटं. दोघांत वाटली तर प्रत्येकी पाच तास. म्हणजे सकाळी आठला तुम्ही गेलात आणि वीसच्या वीस जण भांग पाडून ओळीत बसलेले दिसले, तर कौतुक करण्याआधी हे गणित करा. एक तर पहिल्या माणसाला पहाटे तीनला उठवलंय, नाहीतर अर्ध्या तासाचं काम दहा मिनिटांत उरकलंय. चांगल्या घरात सकाळ विस्कटलेली दिसते. कोणी साडेसहाला उठून बसलेला, कोणी साडेनऊला अजून अंथरुणात, न्याहारी दोन-तीन तास चालू. पाहुण्याला ते गबाळं वाटतं, पण ते शुभलक्षण आहे.

तुमच्या वडिलांसारख्या पक्षाघाताच्या माणसाकडे सकाळी बघण्यासारखं बरंच असतं. कपडे घालताना लुळा हात आधी बाहीत जातो, काढताना शेवटी निघतो. उठवताना काखेत हात घालून किंवा लुळा हात धरून ओढलं तर खांदा निखळू शकतो आणि पुढचे कित्येक महिने ठणकत राहतो. या एका दृश्यावरून कर्मचाऱ्यांचं शिक्षण कळतं. खांद्याला खालून आधार, बसताना हाताखाली उशी, आणि पट्टा किंवा कमरेचा आधार घेऊन उभं करणं, ही बरोबर पद्धत. काहींना लुळ्या बाजूचं निम्मं जगच जाणवत नाही. ताटातलं त्या बाजूचं अन्न तसंच राहतं आणि शेरा पडतो 'भूक नाही'. ताट फिरवून दिलं की उरलेलं संपतं.

इथेच 'करून देणं' आणि 'करू देणं' यांतला एका 'न'चा फरक येतो. चालत्या हाताने स्वतःचं तोंड धुवायला त्यांना सहा मिनिटं लागतील, दुसऱ्याने धुतलं तर एक मिनिट. पाच मिनिटं वाचवायची म्हणून रोज धुऊन दिलं, तर काही आठवड्यांत ते धुणं खरोखरच विसरतात. मग ते काम कायमचं कर्मचाऱ्यांवर पडतं. म्हणजे मायेचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी घाई कामाच्या हिशेबातसुद्धा महागच पडते. विस्मरण असलेल्याला 'काय घालायचं?' असा मोकळा प्रश्न विचारणं मात्र त्रासदायक. दोन सदरे हातात धरून 'हा की हा?' विचारायचं. एका वेळी एकच वाक्य बोलायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. पाचव्या आकड्याला वाक्य पुन्हा म्हटलं, की त्यांच्या डोक्यात पहिल्यापासून सुरुवात होते.

आंघोळीला नकार ही सगळीकडची तक्रार. 'हट्टी आहेत' असं लिहून कोणी मोकळं होत असेल तर कारण शोधलेलं नाही असं समजा. बहुतेक वेळा कारण थंडी, उघडं पडण्याची लाज, किंवा डोक्यावरून अचानक आलेलं पाणी. खोली आधी गरम करायची, खांद्यावर मोठा टॉवेल राहू द्यायचा, पायांपासून सुरुवात करून वर यायचं, केस दुसऱ्या दिवशी धुवायचे. पाणी ३७ ते ४० अंश सेल्सिअस, ४३ च्या वर कधीच नाही, आणि तपासायला थर्मामीटर हवा. लुळ्या बाजूला चटका अनेकदा जाणवत नाही, म्हणून त्यांच्या 'ठीक आहे'वर भिस्त ठेवता येत नाही. तरीही नको म्हणाले तर कोमट ओल्या टॉवेलांनी अंथरुणातच अंग पुसून घेता येतं. रोज आंघोळ झालीच पाहिजे असा शरीराचा काही नियम नाही. चेहरा, काख, जांघा आणि गुप्तांग रोज स्वच्छ झाले म्हणजे झालं.

शौच-लघवीचा विषय भेटीत कोणी काढत नाही, पण घराची खरी परीक्षा तिथेच असते. चालत संडासला जाणारा माणूस दाखल होतो आणि महिन्याभरात डायपरमध्ये दिसतो, असं बऱ्याच ठिकाणी घडतं. आजार वाढलेला नसतो. हाक मारल्यावर कोणी वेळेवर आलेलं नसतं. दोनदा अंथरूण ओलं झालं की 'सोयीसाठी' डायपर येतो, आणि एकदा तो आला की संडासला नेणं थांबतं. योग्य रीत अशी: दाखल झाल्यावर पहिले तीन दिवस-रात्र लघवी-शौचाच्या वेळा लिहायच्या. त्यातून त्या माणसाची लय दिसते: उठल्याबरोबर, जेवणांनंतर, झोपण्याआधी, मध्ये साधारण दोन-तीन तासांनी. त्या वेळेच्या थोडं आधी न्यायचं. 'जायचंय का?' विचारलं तर उत्तर नेहमी 'नाही'. 'चला, जाऊन येऊ' म्हटलं की बहुतेक जण उठतात. न्याहारीनंतर अर्ध्या तासात आतडी आपोआप हलतात, तेव्हा बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले हवेत, पायाखाली छोटं स्टूल असेल तर उत्तम. बद्धकोष्ठाला हलकं घेऊ नये; भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, लघवी तुंबते, आणि म्हातारा माणूस एकाएकी बरळायला लागतो. लघवीची नळी नर्सच्या सोयीसाठी घातलेली असेल तर ती जंतुसंसर्गाला दिलेलं आमंत्रण आहे. ती का घातली आणि कधी काढणार, हे दोन्ही कागदावर असायला हवं. मालकांना थेट विचारा: 'चालत आलेल्यांपैकी किती जण आता डायपरमध्ये आहेत, आणि किती आठवड्यांत?' ज्यांनी विचार केलाय ते नावानिशी सांगतात. ज्यांनी केला नाही ते 'वयामुळे होतंच' म्हणतात.

बेडसोरबद्दल, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेबद्दल, सगळ्यांना एकच वाक्य पाठ असतं: दर दोन तासांनी कूस बदलायची. तो अंदाजी नियम आहे. काहींच्या त्वचेला दोन तासही जास्त होतात, चांगली गादी आणि धडधाकट त्वचा असेल तर काहींना रात्री चार तास सलग झोपू देता येतं. कशी बदलतात हे किती वेळा बदलतात याच्याइतकंच महत्त्वाचं. पूर्ण कुशीवर आडवं केलं तर सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी देऊन तीस अंशांचा कल पुरे. टाचा हवेत हव्यात, म्हणजे उशी पिंढरीखाली, टाचेखाली नाही. डोक्याकडची बाजू तीस अंशांपेक्षा जास्त वर करून तासन् तास ठेवलं तर माणूस घसरतो आणि माकडहाडावरची कातडी आतून फाटते. वर सरकवताना ओढायचं नाही, चादरीसकट दोघांनी उचलायचं. लाल झालेल्या जागी चोळू नये. मधे भोक असलेली गोल उशी देऊ नये, ती कडेने रक्तपुरवठा अडवते. खुर्चीत बसलेल्यांना लोक विसरतातच, खरं तर बसल्यावर दाब जास्त येतो. स्वतःहून हलता येत नसेल तर तासाभरात जागा हलवायला हवी.

तपासणीत एक चूक सर्रास होते. 'लाली दिसली का?' एवढंच बघतात. बोटाने दाबल्यावर पांढरी न होणारी लाली ही पहिली पायरी, हे गोऱ्या कातडीसाठी ठीक. सावळ्या-काळ्या कातडीवर लाली सहसा दिसत नाही. तिथे हात लावून बघायचं: आजूबाजूपेक्षा ती जागा गरम की गार, टणक की पिचपिचीत, स्पर्शाने दुखतंय का. आणि कूस बदलल्याचा तक्ता मागून बघा. २, ४, ६, ८ अशा रेखीव वेळा, एकाच शाईत, एकाच अक्षरात भरलेल्या असतील तर तो तक्ता पाळी संपताना बसून भरलाय. खरा तक्ता वेडावाकडा असतो: २:१०, ४:३५, 'संडासला नेलं म्हणून ५:२०'.

जेवणाबाबत पक्षाघातानंतर पहिला प्रश्न गिळण्याचा. पाण्याने ठसका लागतो का, खाल्ल्यावर आवाज ओलसर, घोगरा होतो का, लुळ्या बाजूच्या गालात घास साठतो का? काहींचं अन्न श्वासनलिकेत उतरतं तरी ठसका लागत नाही, म्हणून वारंवार येणारा ताप किंवा छातीचा संसर्ग हीही खूण धरायची. सरळ ताठ बसवायचं, भरवणाऱ्याने समोर, डोळ्यांच्या पातळीला बसायचं. उभं राहून भरवलं की खाणारा मान वर करतो, आणि मान वर केली की घास चुकीच्या वाटेला जातो. अर्धा चमचा, गिळल्याची खात्री, मग पुढचा. जेवणानंतर अर्धा तास बसलेलं ठेवायचं. दात किंवा हिरड्या दिवसातून दोनदा साफ, रात्री कवळी बाहेर. तोंडातले जंतू फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, त्यामुळे दात घासणं हेही फुप्फुसाची काळजी घेणंच आहे. पाणी दाट करून द्यायचं का, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्याने ठरवावं. ठसक्याच्या भीतीने सगळ्यांना सरसकट दाट पाणी दिलं तर ते त्यांना आवडत नाही आणि माणसं पाणीच कमी पितात.

पाण्याचं सांगायचं तर, वय वाढलं की तहान लागणंच कमी होतं. पेयं मिळून बाईंना दिवसाला निदान १.६ लिटर आणि पुरुषांना २ लिटर, असं युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी बंधन घातलं असेल तर अर्थात ते पाळायचं. बिघडतं ते इथे: रात्री अंथरूण ओलं होऊ नये म्हणून दुपारनंतर पेला दूर ठेवला जातो. कोणी सांगत नाही, पण घडतं. खोलीत गेलात की पेला चालत्या हाताच्या टप्प्यात आहे का, हे बघा. वजन दाखल होताना, मग पहिला महिना दर आठवड्याला, पुढे दर महिन्याला. महिन्यात पाच टक्के घट, म्हणजे साठ किलोच्या माणसाची तीन किलो, ही धावपळ करण्याची वेळ.

औषधांचं थोडक्यात. गिळलेलं डोळ्यांनी बघितल्यावर सही करायची, वाटताना नाही. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून द्यायच्या नाहीत, एका वेळी सगळा डोस अंगात जातो. पार्किन्सनच्या गोळ्या ठरल्या वेळीच. तासभर उशीर झाला तरी माणूस लाकडासारखा ताठू शकतो. आणि गुंगीची औषधं: स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मनोविकारावरची काही औषधं मृत्यूचा धोका वाढवतात, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिलाय. कधी ती लागतात, हे खरं. पण कोणत्या त्रासासाठी, किती दिवस, आणि कमी कधी करणार, हे लिहिलेलं नसेल तर ती रात्रपाळीची झोप राखण्यासाठी चालू आहेत असं मानायला जागा आहे.

'फार त्रास देतात' या वाक्याचं भाषांतर करायला शिकलेली माणसं त्या घरात आहेत का, हे कळीचं. ओरडणं, मारणं, सारखं उठून चालायला लागणं यांमागे बहुधा दुखणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, भूक, गोंगाट किंवा भीती असते. बोलता न येणाऱ्याचं दुखणं मोजायची साधनं आहेत. पेनॅड नावाच्या पद्धतीत श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजावल्यावर शांत होतात का, अशा पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देतात. दोन दिवसांत एकाएकी झालेला बदल सहसा स्मृतिभ्रंशाचा नसतो. तो बहुधा शरीरातल्या कसल्यातरी बिघाडाचा असतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचा असतो. यातला सर्वांत फसवा प्रकार म्हणजे अचानक गप्प आणि झोपाळू होणं. सगळे म्हणतात, 'आता रुळले हो'.

पडण्याबद्दल मालकांनी 'आमच्याकडे कोणी पडत नाही' असं सांगितलं तर मी सावध होईन. म्हाताऱ्या, चालत्या-फिरत्या माणसांच्या घरात कोणी कधीच पडत नाही याचा अर्थ एक तर त्यांना बसवून ठेवलंय, नाहीतर नोंद होत नाही. खाटेचे उंच कठडे लावून प्रश्न सुटत नाही. गोंधळलेला माणूस ते ओलांडायला जातो आणि जास्त उंचीवरून पडतो. खाट खाली आणणं, संडासपर्यंत मंद उजेड, पायात घट्ट बसणारं पायताण, आणि झोपलेलं व उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा रक्तदाब बघणं, याने जास्त काम होतं. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर औषधांचा फेरविचार करायचा. पडल्यावर लगेच उचलायची घाई नको. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर बहुधा खुबा मोडलाय. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोकं आपटलं असेल, तर माणूस हसत बोलत असला तरी रुग्णालयात न्यायचा.

आता कुटुंबाने चालवण्याचा मुद्दा. त्याचा खरा फायदा म्हणजे माणसं टिकतात. तोच चेहरा वर्षानुवर्षं दिसतो, निर्णयाला वरच्या कचेरीची परवानगी लागत नाही, मालकीणबाई स्वतः जेवणाची चव बघतात. विस्मरण असलेल्याला ओळखीचा आवाज कोणत्याही औषधापेक्षा जास्त सावरतो. पण याच गुणाची सावलीही लांब असते. सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात राहते. 'मला सगळ्यांचं सगळं माहीत असतं' हे वाक्य मालक अभिमानाने म्हणतात, ऐकणाऱ्याने मात्र ते मालकच आजारी पडले तर काय, हे विचारायचं. पाळी बदलताना दहा-पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्यांची माणसं एकत्र थांबतात का? कोणी कमी खाल्लं, कोणाची कातडी कुठे लाल आहे, हे तोंडी आणि लेखी दोन्ही सांगितलं जातं का? त्या दहा मिनिटांचा पगार दिला जात नसेल, तर ती दहा मिनिटं फार दिवस टिकत नाहीत. 'आपण सगळे एकच कुटुंब' म्हणून कर्मचाऱ्यांकडून जादा तास फुकट काढून घेणाऱ्या जागा असतात. दमलेल्या माणसाच्या हातात माया उरत नाही.

दुसरी अडचण तक्रारीची. मालकाच्या मुलाने चूक केली तर ती सांगायची कोणाला? मालकालाच. म्हणून बाहेरचं कोणीतरी हवं: भेट देणारा स्वतंत्र डॉक्टर, तपासणी करणारी यंत्रणा, किंवा नातेवाइकांची नियमित बैठक, आणि तक्रारीचा मार्ग भिंतीवर लावलेला. तिसरी गोष्ट, नकार देण्याची ताकद. घरगुती जागा आपुलकीपोटी अशाही माणसाला ठेवून घेतात ज्याची गरज त्यांच्या आवाक्याबाहेर गेलीय, जसं हाडापर्यंत गेलेली जखम, वारंवार श्वास लागणं, दोन माणसांनाही न आवरणारा संताप. 'आम्ही काय करू शकत नाही' याची यादी त्यांनी दाखल करण्याआधी दिली, तर त्या घराबद्दल माझं मत चांगलं होईल.

हाक कशी मारतात, हेही ऐका. सगळ्यांना सरसकट आजी-आजोबा म्हणणं गोड वाटतं, पण नावं पाठ करायचा कंटाळाही त्यातच लपतो. काहींना आजोबा आवडतं, काहींना आडनावाला 'साहेब' जोडलेलं, आणि कोणी आयुष्यभर 'सर' म्हणूनच ओळखले गेलेले असतात. हे विचारून लिहून ठेवायचं असतं. अरे-तुरे मात्र कोणीही करू नये, त्यांच्या सख्ख्या नातवाशिवाय.

शेवटच्या दिवसांबद्दल दाखल करतानाच बोलून घ्या, अवघड वाटलं तरी. रुग्णालयात हलवायचं की तिथेच राहू द्यायचं, नळीने अन्न द्यायचं का, निर्णय कोण घेणार. वडिलांना अजून सांगता येत असेल तर आधी त्यांनाच विचारा. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांसाठीचं शुश्रूषालय (हॉस्पिस) सुरू केलं. दुखणं शरीराबरोबर मनाचं, नात्यांचं आणि श्रद्धेचंही असतं, हे त्यांनी शिकवलं. एरवी त्या काळजीची कामं साधी आहेत: ओठ आणि तोंड वरचेवर ओलं करणं, घास न कोंबणं, वेदनेचं औषध रात्रीसुद्धा हाताशी असणं, कोणीतरी शेजारी बसणं. विचारा, की कोणी गेलं तर बाकीच्या रहिवाशांना सांगता का. जिथे शव मागच्या दाराने गुपचूप नेतात आणि सकाळी ती खुर्ची नुसतीच हटवलेली असते, तिथे उरलेले सगळे आपलंही असंच होणार हे समजून चुकतात.

एक काम तुम्ही स्वतः करा. वडिलांबद्दल एक पान लिहा, एकच, दोन्ही बाजूंनी नाही. काय म्हणून हाक मारायची, काय काम करायचे, किती वाजता उठतात, आधी चहा की आधी तोंड धुणं, कोणत्या कुशीवर झोपतात, अंधार लागतो की दिवा, कशाने चिडतात, चिडल्यावर काय केलं की निवळतात, कोणत्या कानाने कमी ऐकू येतं. चष्मा, कवळी आणि कानातलं यंत्र यांवर नाव घाला, कारण सर्वांत आधी हीच हरवतात आणि त्यांच्याशिवाय माणूस आहे त्यापेक्षा दुप्पट गोंधळलेला दिसतो. ते पान दाखल करताना द्या. दहा दिवसांनी मालकांना काही विचारू नका. संध्याकाळी उशिरा जाऊन रात्रपाळीवर आलेल्या माणसाला विचारा की आमचे वडील कोणत्या कुशीवर झोपतात.